पांढऱ्या तोंडाचा पाव्हणा

बाजरी कधी काढायची हे आमच्या धरणाच्या काठावर एक पाखरू ठरवायचं, आणि ते पाखरू आलं की नाही हे सांगायचं काम आमच्या तात्यांचं. आता हे कुणाला सांगितलं तर लोक हसतात. माझा धाकटा लेक तर म्हणतो, "आई, तुमच्याकडं रेडिओ नव्हता का?" होता की! चांगला तीन बँडचा होता, आईनं त्याला झालरीचं कव्हरसुद्धा शिवलं होतं. पण हवामानवाल्यानं "राज्यात तुरळक ठिकाणी" असं म्हणलं, की दादा, म्हणजे माझे वडील, बटण पिळून टाकायचे. "तुरळक म्हंजी आमचं का शेजारच्या किसनरावाचं ते सांग की मर्दा," असं त्या पेटीला खडसावायचे. तात्यांचं पाखरू असलं मोघम बोलत नव्हतं. ते आलं म्हणजे पाऊस गेला. मग काढा बाजरी, टाका खळ्यावर, आणि निवांत झोपा.

तात्या माझे थोरले चुलते. बायको लवकर गेली, मूलबाळ झालं नाही, आणि दुसऱ्या लग्नाचा विषय कुणी काढला की ते उठून शेळीला पाला घालायला जायचे. धरणाचं पाणी आलं तेव्हा गावची काळी रानं सगळी बुडाली, आणि गावाबाहेरचं जे मुरमाड टेकाड कुणी फुकट घेतलं नसतं, ते तेवढं पाण्यावर डोकं काढून राहिलं. ते टेकाड आमचं. नशीब म्हणतात ते असं! चारी बाजूंनी पाणी, मधे एकरभर रान, एक बाभळ, दोन बोरी आणि म्हसोबाचा शेंदूर फासलेला धोंडा. गाव काठावरच्या नव्या वस्तीत गेलं, तिथल्या माळावर नवी रानं केली. तात्या म्हणाले, "म्हसोबाला एकट्याला कसं सोडायचं?" आणि त्यांनी बेटावर कुडाचं छप्पर घातलं. म्हसोबा आपला सांगायला होता. तात्यांना पाखरं सोडवत नव्हती, हे आमच्या घरात शेळीलासुद्धा माहीत होतं.

काठापासून बेट होडीनं पाव तासावर. गेनूभाऊ म्हणून एक मासे धरणारे होते, त्यांच्या होडीत मी शाळा सुटल्यावर तात्यांची भाकरी घेऊन बसायची. फडक्यात दोन बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याचा खर्डा, एखाद्या दिवशी अंबाडीची भाजी. गेनूभाऊ जाता जाता दोन चिलाप्या टाकायचे, आणि तात्या तीन दगडांच्या चुलीवर त्यांचं असं तिखटजाळ कालवण करायचे की नाकातून पाणी यायचं. आईला हे कालवण कधी जमलं नाही. "भावजींच्या हातात काय हाय कुणास ठाऊक," असं ती म्हणायची, आणि तात्या म्हणायचे, "हातात काय न्हाय, पारू. भांडं घासत न्हाय मी." बाजरी दुधात आली की आम्ही निंबूर खायचो. कोवळी कणसं विस्तवावर धरायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारून कूस उडवायचं आणि गरम दाणे तोंडात टाकायचे. अजून बारामतीच्या बाजारात निंबुराची कणसं दिसली की मी घेते. घरच्या गॅसवर भाजते आणि सुनेची बोलणी खाते.

भादवा सरत आला की बेटावर पाहुण्यांची वर्दळ सुरू व्हायची. हे सगळे उत्तरेकडून यायचे, डोंगराच्या पार पलीकडून. मी विचारलं, "तात्या, एवढ्या लांबनं येतात तरी कशाला?" तर म्हणाले, "तिकडची पंगत उठली आसंल." आधी यायचे तुतवार, चिखलात तुरुतुरु पळणारे, सतत कंबर हलवणारे. मग भोरड्या, थव्याच्या थवा, आभाळात चादर झटकल्यासारख्या. मग परीट. मग चक्रवाकांची जोडपी, आणि गार वारं सुटल्यावर पार उंचावरून कुर्र कुर्र करत करकोचे. तात्या म्हणायचे, "बघ शाले, कसं नंबरानं येत्यात. कोन कुनाच्या म्होरं घुसत न्हाय. रेशनच्या लायनीत हुबं केलं पायजे आपल्या लोकास्नी ह्यांच्या मागं." भोरड्या बाजरीवर बसल्या की तात्या गोफण फिरवायचे, पण त्या महिन्यात गोफणीत दगड घालायचा नाही असा त्यांचा नेम. नुसती मोकळी गोफण, फाट्कन वाजायची आणि थवा उठायचा. घरी आलेल्या पाहुण्याला दगड मारतात का, असं त्यांचं म्हणणं. भोरड्यांना ते कळलं होतं, त्या उठायच्या आणि पुन्हा तिथंच बसायच्या.

या सगळ्यात मान परटाचा. वितीएवढं पाखरू, काळं-पांढरं, दगडावर उभं राहून शेपटी खालीवर आपटतं, परीट धुणं आपटतो तशी. पण परीट दोन. एक घरचा, बारा महिने काठावरच राहणारा. त्याचं तोंड काळं आणि त्यावर ठसठशीत पांढरी भुवई. दुसरा पाव्हणा. त्याचं सगळं तोंड पांढरं, पिठाच्या डब्यात घालून काढल्यागत. घरचा लांबलचक गोड शीळ घालतो, पाव्हणा नुसता "चिस्सिक, चिस्सिक" म्हणतो आणि उडतो. पाऊस पुरता सरल्याशिवाय हा पाव्हणा आमच्याकडं उतरत नाही, असा तात्यांचा आणि त्यांच्या वडिलांचा अनुभव. तो दिसला की तात्या राखणीच्या माचाणाच्या बांबूला धोतराचा पांढरा तुकडा बांधायचे. काठावरून ते दिसायचं. "पांढरं लागलं रं!" अशी हाळी उठायची आणि आठ घरांतले विळे एकदम बाहेर पडायचे.

आता त्या पाण्यावर शहरातली मंडळी पहाटे गाड्या घेऊन येतात, हातभर लांब नळीचे कॅमेरे घेऊन. होडीत बसून रोहित पक्ष्यांचे फोटो काढतात. चांगलं आहे, काढू देत. पण दगडावर शेपटी आपटणाऱ्या परटाकडं कुणी नळी वळवत नाही, याचा मला उगाच राग येतो.

त्या वर्षी मी आठवीत होते. नागपंचमीच्या आसपासची गोष्ट. तात्यांनी चहा केला आणि माझ्या कपात ओतला, तर निम्मा चहा कपाच्या बाहेर, जमिनीवर. मला वाटलं चेष्टा करतात. मी हसले. तात्या हसले नाहीत. मग माझ्या ध्यानात यायला लागलं, की ते हल्ली पाण्यावर जाताना पाय घासत जातात, की विळा नेहमी एकाच खुंटीला लावतात, की "ते कोण पाखरू गं?" असं मला रोज विचारतात, आणि मी समजत होते ते माझी परीक्षा घेतात. मी विचारलं, "तात्या, तुम्हाला दिसत नाही?"

"उजेड दिसतोय. हालतंय ते दिसतंय. बाकी सगळं धुरकाटलंय," ते म्हणाले. "घरी बोलायचं न्हाय, शाले. तुझा बाप मला उचलून काठावर नेऊन बसवंल. मग माझं काय ऱ्हायलं?"

म्हसोबाच्या धोंड्यावर हात ठेवून मी शपथ घेतली. तेव्हापासून डोळे माझे, कान तात्यांचे. आणि त्यांचे कान म्हणजे काय सांगू! पंखांच्या आवाजावरून सांगायचे, बदक किती आणि भोरड्या किती. मी पाण्याकडं बघून तोंड उघडायच्या आत त्यांचं नाव घेऊन झालेलं असायचं. मी फक्त "व्हय" म्हणायची. मला ते सगळं फार आवडायचं. घरात मला कुणी दोन गोष्टी विचारत नव्हतं, आणि इथं एक मोठा माणूस माझ्या डोळ्यांनी बघत होता.

आणि तरी मी ते केलं. कारण सांगते. मी खो-खोच्या संघात होते. साधीसुधी नाही, खांबाजवळची. आमच्या शाळेच्या मुली पहिल्यांदाच बारामतीला सामन्यांना निघाल्या होत्या, दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी. बाईंनी आम्हाला निळ्या चड्ड्या शिवून घ्यायला सांगितल्या होत्या, आणि आईनं माझी शिवली पण होती, रेडिओच्या कव्हरच्या उरलेल्या कापडाची झालर न लावता, यासाठी मी तिच्या हातापाया पडले होते. पण आई नवरात्राचे नऊ दिवस उपास धरून अनवाणी राबायची, दादा उसाच्या पाण्याच्या पाळ्यांत अडकलेले. आईनं सरळ सांगितलं, "बाजरी निघाली तर जा. न्हायतर तुझ्या खो-खोला माझा राम राम. खुडायला हातं न्हाईत घरात."

बाजरी तर पिवळीधमक झाली होती. आभाळ आठ दिवस निळंशार. काठावरून रोज विचारणा व्हायची, गेनूभाऊ रोज सांगावा आणायचे, "किसनराव विचारत्यात, पाव्हणा आला का?" किसनराव म्हणजे आमचे शेजारी, काठावर सगळ्यात जास्त बाजरी त्यांची. तात्यांचं रोज एकच उत्तर, "न्हाय अजून." रविवार गेला. सोमवार उजाडला. मी शाळेत पोरींना सांगून बसले होते, की मी येणार म्हणजे येणार.

सोमवारी उन्हं कलताना मी बेटाच्या टोकाला खडकावर बसले होते. तात्या दहा पावलं मागं, बाभळीखाली. एक परीट उडत आला आणि समोरच्या ओल्या दगडावर बसला. शेपटी आपटायला लागला.

"परीट आला तात्या!"

"कोन? घरचा का पाव्हणा? तोंड बघ."

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, की ऊन डोळ्यांवर होतं, माझी चूक झाली. सोयरीक झाली तेव्हा नवऱ्यालाही हेच सांगितलं. आता लिहायलाच बसलेय तर खरं लिहिते. ऊन माझ्या पाठीला होतं. मला ती भुवई स्वच्छ दिसली.

"पांढरं हाय," मी म्हणाले. "सगळं तोंड पांढरं."

आणि त्याच क्षणाला त्या मेल्यानं चोच वर करून शीळ घातली. लांबलचक, गोड, घरच्याचीच. तात्यांची मान तिरपी झाली. "ही शीळ कुनाची गं? ह्यानं घातली का?"

माझी जीभ काही थांबली नाही. "न्हाय तात्या. ती दुसऱ्या पाखराची. तुमच्या डोक्यावर बाभळीत बसलं होतं, उडालं आत्ता."

तात्या वर बघत राहिले. त्यांनी उजवा कान करंगळीनं साफ केला. मग म्हणाले, "आसंल," आणि चाचपडत उठून धोतराचा तुकडा शोधायला लागले. तो बांधताना त्यांना मदत करायला मी गेले नाही. काठावरून हाळी ऐकू आली, "पांढरं लागलं रं!" आणि गेनूभाऊंनी होडीतून उत्तर दिलं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, काठावर नुसती झिम्मड. बाया ओळीनं कणसं खुडायच्या, ओट्यात भरायच्या, खळ्यावर ओतायच्या. बेटावरची बाजरी होडीतून आली. आठ घरांची आठ खळी, सगळीकडं कणसांचे पिवळे ढीग ऊन खात पडलेले. झाकायला ताडपत्र्या होत्या, पण त्या कशाला काढायच्या? पांढरं लागलं होतं. मी अशी मरमर कामाला लागले की आई म्हणाली, "आगं बया, पोरीच्या अंगात आलं." शुक्रवारी संध्याकाळी तिनं माझी वेणी स्वतः घातली आणि निळ्या चड्डीची घडी पिशवीत ठेवली.

शनिवारी बारामतीच्या मैदानावर आमचा पहिला डाव सरला तेव्हा आम्ही दोन गड्यांनी पुढं होतो. मी खांबाशी सूर मारून एक गडी टिपला होता, गुडघा सोलवटला होता, बाई ओरडून ओरडून घोगऱ्या झाल्या होत्या. माझ्या आयुष्यातला तेवढा अर्धा तास मला कुणी परत दिला तर मी आजही घेईन. दुसऱ्या डावाला उतरलो आणि पूर्वेकडून, इंदापूरच्या अंगानं, आभाळ काळंकुट्ट चालून येताना दिसलं. आधी वारं, मग धूळ, मग असा पाऊस कोसळला की खांब दिसेना. सगळ्या पोरी पळत शाळेच्या ओसरीत. मैदानाचं तळं झालं. सामना रद्द. पोरी गाणी म्हणायला लागल्या, बाईंनी चिवडा काढला, आणि मी भिंतीकडं तोंड करून हमसून हमसून रडले. बाईंनी पाठीवरून हात फिरवला. "रडू नको शालन, पुढच्या वर्षी जिंकू," म्हणाल्या. मला तो हात झटकून टाकावासा वाटला. मला आमचं खळं दिसत होतं.

पाऊस तीन दिवस लागून पडला. ताडपत्र्या टाकायला लोक धावले तोवर खाली पाणी शिरलं होतं. उघडीप झाली तेव्हा कणसं काळी पडली होती, ढिगात हात घातला की आतून वाफ यायची आणि आंबूस वास. चौथ्या दिवशी दाण्यांना मोड आले.

तात्या आपणहून होडीत बसून काठावर आले. कुणी बोलावलं नव्हतं. आमच्या खळ्याजवळ सगळे जमले होते, आणि किसनराव पुढं आले. हे किसनराव वाईट माणूस नव्हते, दिवाळीत तात्यांना पहिला फराळ त्यांच्याच घरचा यायचा. पण वर्षाची भाकर मातीत गेली होती.

"तात्या, परीट बघितला तुमी?"

"बघितला."

"कुनी बघितला?"

"मीच बघितला की. माझ्या डोळ्यांनी."

मी आईच्या मागं उभी होते. तात्यांनी माझं नाव घेतलं नाही. माझ्या दिशेनं तोंडही वळवलं नाही. किसनरावांनी उजवा हात त्यांच्या तोंडासमोर धरला. "मग हे काय हाय माझ्या हातात, ते सांगा."

तात्यांनी हातभर अंतरावर बघितलं. बघण्याचा आव आणला. "कणीस," ते म्हणाले.

किसनरावांच्या हातात विळा होता.

किसनरावांनी विळा हळूच खाली ठेवला आणि मान वळवली. दादा पुढं झाले, थोरल्या भावाचा दंड धरला आणि एवढंच विचारलं, "कवापासनं?" त्याच दिवशी बेटावरची शेळी, भांडी आणि वाकळ आमच्या घरी आली.

दादांनी त्यांना बारामतीच्या डॉक्टरकडं नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली थेंब टाकून जपा, असं सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं. पण घरी आल्यावर त्यांचं जे झालं ते मला बघवेना. गोठ्याच्या भिंतीला टेकून बसायचे, कानाला मफलर गुंडाळून, भर उन्हात. वरून थवे जायचे, मान हलायची नाही. मी सांगायला गेले, "तात्या, भोरड्या आल्या," तर म्हणायचे, "आसतील." आई काळ्या बाजरीच्या भाकरी करायची. ते पीठ चिकट, भाकरी थापताना फाटायची, चवीला कडू. मी पहिला घास तोंडात घातला की तो गिळवायचा नाही. तात्या मुकाट्यानं दोन भाकरी खायचे.

एका सकाळी आई त्यांना चहा द्यायला गेली, आणि मी दाराआडून ऐकलं. "भावजी, मनाला असं लावून घेऊ नगासा. नजर काय, आज ना उद्या समद्यांचीच जायची."

"नजरंचं न्हाय गं पारू," तात्या म्हणाले. "नजर गेली ती कवाच सोसली. पर त्या दिशी मला शीळ आयकू आली हुती, घरच्या परटाची. सोताच्या कानानं आयकली. पोरगी म्हनली पाव्हणा हाय, शीळ दुसऱ्याची. पोरीचं डोळं लखलखीत. म्हंजी माझं कानच फसलं की. आता बेटावर जाऊन काय करू? म्हसोबाशेजारी दुसरा धोंडा हून बसू?"

आई आत आली. चुलीपुढं बसली, पिठाचा गोळा हातात घेतला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "शाले, तुला काय सांगायचं आसलं तर आजच सांग. कडू घास किती दिस गिळशील?"

आईला कसं कळलं हे मी तिला शेवटपर्यंत विचारलं नाही. पण तरी दोन दिवस माझं धाडस झालं नाही. मला माराची भीती नव्हती. तात्या आता माझ्यावर कधीच विश्वास ठेवणार नाहीत, याची होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी हौदावर घागर भरत होते. तात्या भिंतीला टेकून बसले होते. हौदाच्या कडेवर एक परीट उतरला. माझ्यापासून चार हातांवर. सगळं तोंड पांढरं, पिठाच्या डब्यात घालून काढल्यागत. शेपटी आपटली, आणि म्हणाला, "चिस्सिक."

तात्यांची मान झटकन वर झाली. त्या मफलरमधूनसुद्धा! चेहरा असा उजळला, आणि मग मी बघत असतानाच तो मिटला. त्यांनी डोकं हलवलं, मफलरची गाठ आवळली आणि पुटपुटले, "वाजतंय आपलं कायबी."

मी घागर टाकली. तिला पोचा पडला, तो अजून आहे. मी तात्यांच्या पायाशी जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. खो-खो, निळी चड्डी, भुवई, बाभळ, सगळं. रडत, शेंबूड पुसत, उलटसुलट. मग तात्यांनी एकेक शब्द तोलून विचारलं, "म्हंजी शीळ त्यानंच घातली हुती?"

"व्हय."

"बाभळीवर कोन न्हवतं?"

"न्हाय तात्या. कोनच न्हवतं."

"आन आत्ता, हितं हौदावर, पाव्हणा बसलाय?"

"होता. उडाला घागरीच्या आवाजानं."

तात्यांनी मफलर सोडला. एक वेढा, दुसरा वेढा, आणि भिरकावून दिला तो शेळीच्या अंगावर पडला. "आगं भवाने!" ते ओरडले. "म्हंजी माझं कान शाबूत हायत की गं! पारू, ए पारू! आगं भायेर ये, माझं कान शाबूत हायत!" आणि ते हसायला लागले. मांडीवर थापा मारत, डोळ्यांतून पाणी गाळत हसत होते, आणि मी भोकाड पसरून रडत होते. आई पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं होतं, खरं सांगून मी त्यांचं उरलंसुरलं घेतेय. उलट त्यांचे कान मीच एवढे दिवस दाबून धरले होते.

हसून झाल्यावर त्यांचा हात चाचपडत आला, माझा कान बरोबर सापडला आणि त्यांनी तो असा पिळला की मला तारे दिसले. "हे खोट्याचं," ते म्हणाले. "आता किसनरावाच्या दारात जा. तुझ्या पायानं. मी येत न्हाय."

मी गेले. किसनराव काळी बाजरी वाळवत बसले होते. मी सगळं पुन्हा सांगितलं. ते दाणे उलथत राहिले. मग म्हणाले, "सामना जिंकला का?"

"न्हाय. पाऊस आला."

"बरं झालं. चांगली जिरली." आणि मी वळले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, पार वेगळाच. "तात्याला म्हनावं, मी तो विळा दाखवाया नगो हुता."

तात्यांना परत बेटावर जाऊ द्यायला दादांना तयार करण्यात महिना गेला. शेवटी त्यांनी स्वतःच सुंभाची दोरी वळली आणि बेटावर छपरापासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून माचाणापर्यंत कमरेच्या उंचीवर बांधून दिली. त्या दोरीला धरून तात्या आणखी नऊ वर्षं बेटावर राहिले. लोकांनी त्यानंतर रेडिओ पण ऐकायला सुरुवात केली, ते काही मी नाकारत नाही. पण पुढच्या आश्विनात गेनूभाऊ पहिल्याच दिवशी सांगावा घेऊन आले, "किसनराव विचारत्यात, पाव्हणा आला का?"

आला तेव्हा मी तात्यांच्या शेजारीच बसले होते. समोरच्या दगडावर उतरला. मी डोळे चोळले, पुन्हा बघितलं, उठून दोन पावलं पुढं जाऊन बघितलं. "तात्या, पांढरं तोंड. म्हसोबाची आण, सगळं पांढरं."

तात्यांनी धोतराचा तुकडा मांडीवर घेतला होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला, पण हात सोडला नाही.

"थांब," ते म्हणाले. "त्याला बोलू दे."

आम्ही दोघं थांबलो. पाणी खडकाला लागत होतं. मग पाव्हणा बोलला, आणि तात्यांनी हात सोडला.